तानाजीच्या कार्डावर सकलैन

ओमानमधल्या गाला भागातल्या गॅरेजवाल्यांची आमची टीम. नाव मात्र ‘कॉलेज इलेव्हन’, कारण आम्ही सगळे कधीकाळी रत्नागिरीकडच्या एकाच कॉलेजातून खेळलो होतो. डिग्री फारच थोड्यांनी घेतली, पण नाव सोडवेना. उन्हाळा उतरला की शुक्रवारची फुटबॉल लीग सुरू व्हायची आणि दरवर्षी आम्ही सुरुवातीलाच मार खायचो. त्या वर्षीही तीच लक्षणं होती.

मग सादिकने इब्रीहून आपल्या मावसभावाला आणलं, सकलैनला. कॉलेजात याच्या पायात बॉल गेला की आम्ही बाकीचे निवांत असायचो. इब्रीत तो कपड्याच्या दुकानात होता. दुकान बंद पडलं, अर्बाबने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, हात वर केले आणि सकलैनच्या रेसिडेंट कार्डाची मुदत संपली. कार्डाशिवाय लीगमध्ये खेळता येत नाही. मॅचआधी रेफ्री प्रत्येकाचं कार्ड बघतो.

तोडगा तानाजीने काढला. तो आमचा जुना बॅक, डेंटिंगचं काम करणारा. गुडघा गेल्यापासून बाहेरच बसायचा.

“माझं कार्ड घे. दाढी दोघांनाही हाय, कोन बघतो?”

खरंच कोणी बघितलं नाही. मैदानावर सकलैन तानाजी झाला आणि आम्ही जिंकत सुटलो. एवढा मूर्ख आनंद मला परत कधी झालेला नाही.

सेमीफायनलला तो हेडर मारायला उडाला आणि त्याचं डोकं गोलपोस्टवर आपटलं. अँब्युलन्सवाल्याने रेफ्रीकडचं कार्ड घेतलं. हॉस्पिटलात तो तानाजी म्हणून दाखल झाला आणि शुद्धीवर न येता तानाजी म्हणूनच गेला.

तानाजी फ्री व्हिसावर होता. म्हणजे अर्बाब कागदापुरता, काम दुसरीकडे. त्या अर्बाबला तानाजीचा चेहराही आठवत नसणार. पोलिसांचा फोन गेल्यावर त्याने सांगून टाकलं, माणूस हिंदू आहे, दहन करा, मी सही देतो.

आम्ही खोलीवर जमलो. सादिकने हिशेब आधीच जुळवला होता.

“दुसऱ्याला कार्ड दिला म्हनून तान्या आत जाईल, आपन सगळे अडकू. त्यापेक्षा असूं दे. तान्या सकलैनच्या नावावर एम्बसीतून आउटपास, परतीचा कागद घेईल, घरी जाईल. खलास.”

“आणि सकलैनला जाळतील?” मी विचारलं.

“मेल्यावर त्याला काय कळतंय?”

हा त्याचा मावसभाऊ. माझा हात उठणारच होता, पण बाकीचे माना डोलवत होते आणि तानाजी खाली बघत होता. त्याची मुलगी यशश्री बारावीला होती. मी त्याला तरी काय म्हणणार?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सकलैनची आई, रहिमाचाची. तानाजी तिच्या शेजारच्या वाडीतला. मुलगा गेल्याचं सादिकने तिला कळवलं होतं, बाकी काही नाही. तानाजीने स्पीकर लावला. ती रडत नव्हती.

“तानाजी, बाबा, त्याला न्हाऊ कोन घालनार, गुसल कोन देनार? सादिक लय घाई करतो. तू बाजूला उभा रहा. पानी गार नको म्हनावं.”

“हो चाची,” तानाजी म्हणाला.

फोन ठेवून तो उठला आणि धुतलेला शर्ट घातला. त्याला अडवायची सादिकचीही छाती झाली नाही.

गाडी मी चालवली. वाटेत त्याने कलावतीला, बायकोला, फोन केला. “थोडे दिवस फोन लागनार नाय. कोनी काय सांगितलं तरी मी धडधाकट हाय, येवढं ध्यानात ठेव.” पोलीस स्टेशनवर त्याने मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, शवागारातला तानाजी म्हणजे मी नव्हे, मी हा इथे आहे. मग सकलैनचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचंही सांगितलं. पोलिसांनी त्याला तिथेच ठेवून घेतलं.

सकलैनला माती मिळाली. गुसल सादिकने दिलं, तेव्हा तानाजी कोठडीत होता. टीमचं नाव लीगमधून काढून टाकलं गेलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. तानाजीला परत पाठवलं, ओमानचा रस्ता कायमचा बंद करून.

घरी पोचल्यावर तो आधी रहिमाचाचीकडे गेला. त्यानेच मला फोनवर सांगितलं. तिने पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “तू कार्ड दिला नसतास तर तो खेळला नसता.”

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“पानी प्यालो आनि उठलो.”