अल वथबाचा डावीकडचा खडक

अल वथबाच्या वाळूचा दगड व्हायला हजारो वर्षं लागली. कुंदाआत्याचा झाला अर्ध्या मिनिटात.

झालं असं, की आमच्या दुबईच्या मराठी मंडळाच्या फोटो-स्पर्धेत बाबा दरवर्षी फोटो देतात आणि दरवर्षी चहा पिऊन परत येतात. यंदाचा विषय 'वाळवंटातले खडक'. नियम एकच, फ्रेममध्ये माणूस नको. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही करामातल्या घरून अबुधाबीकडच्या अल वथबाला जायला गाडी काढली. बाबा, मी आणि व्हिजिटवर आलेली आत्या. सूर्य दोन खडकांच्या बरोब्बर मधे आला, बाबांनी ट्रायपॉड लावला आणि आत्या नेमकी समोर जाऊन बसली.

"कुंदे, ऊठ!"

"गुडघा धरलाय. उचलायला ये."

"बाबा, लाइट इज गोइंग," मी म्हणालो.

"उप्या, तू काढ रे फोटो," आत्या बाबांना म्हणाली. " मी दगड होते."

आत्याने मातकट शाल डोक्यावरून ओढली, अंग मुडपलं आणि झाली. वारा आला. वाळू आली. एक बाई आली, आत्यावर पर्स ठेवून बुटातली वाळू झाडून गेली. आत्या हलली नाही. बाबांनी बटण दाबलं.

निकालाच्या दिवशी मंडळाच्या देऱ्यातल्या हॉलमध्ये परीक्षक विभावरीताई त्या फोटोपुढे थांबल्या त्या थांबल्याच.

"पहिला नंबर हाच. बाकीचे खडक नुसते उभे आहेत हो. हा डावीकडचा बघा, केवढा करारी! कशाने झाला असेल असा?"

"वाऱ्याने," परेशकाका म्हणाले. ते सेक्रेटरी आहेत, त्यांना सगळं माहीत असतं.

बाबांनी नुसती मान हलवायची होती. इतक्या वर्षांचा पहिला नंबर एका मानेवर आला होता. पण मागच्या रांगेत आत्या, कोणी ओळखू नये म्हणून, खुर्चीत पुन्हा दगड होऊन बसली होती. कोणीतरी तिला चहा विचारला. ती गप्प. चहाला उत्तर न देणारी आत्या मी जन्मात पाहिली नव्हती. बाबांनीही नसावी.

"वारा नाही," बाबा म्हणाले. "बहीण आहे माझी."

विभावरीताईंनी चष्मा पुसला, फोटोला नाक लावलं. "अहो उपेंद्रराव, पण नियम..."

"माहितेय. पण तिचं श्रेय वाऱ्याला नाही देणार मी."

खलास. पहिला नंबर एका खडकाला गेला, जो खरोखरच खडक होता.

"शहाणाच आहेस," परतताना मेट्रोत आत्या बाबांना म्हणाली. "तिथे श्वास कोंडून बसले होते मी!"

बाबांनी फोटो मांडीवर उभा धरला होता, तोंड डब्याकडे. समोरच्या माणसाने वाकून पाहिलं.

"भाईसाब, ये पत्थर किधर का है?"

आत्याने पदर सारखा केला.

"हमारे घर का," बाबा म्हणाले आणि फ्रेम आणखी थोडी वर धरली.