दुखत नाही ही तक्रार

फरशीवरचा तो लाल ठिपका बघताना दिगंबरच्या डोक्यात सवयीने वाक्य आलं: कामगाराच्या पावलांवर देश उभा असतो. वाघोलीच्या या शेडमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून अकरा वर्षं दर सोमवारी तो हे सांगत आला होता. त्यानंतर लगेच चहा असे, त्यामुळे आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

ठिपका कुंकवाचा असणार. आज खंडेनवमी... लेथला, प्रेसला, ग्राइंडरला झेंडूच्या माळा, आणि पूजलेल्या यंत्रापुढे पायात घालून कसं उभं राहायचं, म्हणून सगळे सेफ्टी शूज दाराबाहेर ओळीने काढलेले — पन्नास माणसं अनवाणी, त्याच जमिनीवर, जिथे अनवाणी चालणार नाही अशा पन्नास सह्या त्यानेच घेतल्या होत्या. एक्कावन्नावा अनवाणी तो स्वतः.

दुसरा ठिपका. तिसरा. कुंकू असं पावलापावलाच्या अंतराने सांडत नाही. कुणाला तरी लागलंय आणि त्या गाढवाला पत्ता नाही — मनातल्या मनात नोटीस लिहीत तो माग काढत निघाला. ठिपके लेथपाशी वळले, प्रेसला प्रदक्षिणा घालून परत आले.

"साहेब, थांबा हो," पॅकिंगमधली नंदा म्हणाली. प्रथमोपचाराची पेटी तिच्या ताब्यात असे. "तुमच्याच टाचेतून येतंय."

टाचेत धातूचा वळलेला तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा. बराच आत.

ऑगस्टमध्ये बिबवेवाडीच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, साखरेने पायाच्या नसा गेल्यात. घरातसुद्धा चप्पल घाला, रोज आरशात तळवे बघा. आरसा त्याने आणला. दाढीला बरा पडतो... कंपनीत सांगितलं नाही. तळव्याला जाणीव नसलेला माणूस शॉप फ्लोअरवर नको, हा नियम दिगंबरनेच लिहिलेला, आणि त्याच नियमाने मार्चमध्ये प्रेसवरच्या सीतारामला त्याने घरी पाठवलं होतं. जाताना सीताराम म्हणाला, "साहेब, दुखत नाही ही काय तक्रार झाली?" तेव्हा त्याला समजावायला दिगंबरकडे एक तक्ता होता.

नंदाने त्याला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर घेतला, चिमट्याने तुकडा ओढून काढला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मालक जयसिंग पेढ्यांचा बॉक्स घेऊन समोर येऊन उभे राहिले होते, आणि पेढ्याकडे न बघता चेहऱ्याकडे बघत होते.

"स्पिरिट लावते. झोंबेल हं," नंदा म्हणाली.

आता ओरडायला हवं. किती पण? फार नको, वयाला शोभेल इतकं... माणसं आधी श्वास घेतात, मग ओरडतात, की उलट? त्याला आठवेना. जुन्या दुखण्यांत शोधलं — कॉलेजात असताना कात्रजच्या उतारावर सायकलवरून पडला होता, गुडघा सोलून निघाला होता — काय सुरेख दुखलं होतं ते! डोळे घट्ट मिटून त्याने तेच दुखणं वर ओढलं.

"आई गं," तो म्हणाला. आवाज अगदी बरोबर लागला.

नंदा जवळ वाकली. जयसिंगना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "अहो साहेब, बाटली अजून उघडायचीय."

त्याने डोळे उघडले. स्टुलावर कुणाचातरी पाय होता. बाटलीचं सील शाबूत होतं.