हळू हात हेरणारा शत्रू

मी एक जुना शत्रू आहे, मित्रांनो. माझ्यामुळे आलेल्या एका पत्राला सुमंतकाकांनी तीन महिने उत्तर दिले नाही. पत्र घडी घालून कीबोर्डखाली ठेवलेले असे. काका टंकायला बसले की कागद करकरत असे.

मला हात नाहीत, तोंड नाही. संगणकावरच्या एका जुन्या खेळातल्या राक्षसांची मी बुद्धी आहे. चार शूर सोबती घेऊन गुहा आणि किल्ले पार करायचे, असा तो खेळ. त्यात सोपी, मध्यम आणि कठीण अशा तीन पातळ्या. पण मूळचे राक्षस तिन्ही पातळ्यांवर सारखेच मूर्ख होते. कठीण पातळीवर त्यांचा घाव तेवढा मोठा होई. समोर दिसेल त्याच्यावर धावून जात आणि मरत.

काका धरमपेठेतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर प्रताप नगरच्या घरी बसून त्यांनी मला ओळीओळीने लिहिले. खेळाडूंनीच खेळाला जोडलेल्या अशा भागाला मॉड म्हणतात. जखमी कोण, एकटा पडलेला कोण, हे त्यांनी मला पाहायला शिकवले. आणि एक गोष्ट फार हौसेने शिकवली. खेळाडूच्या आज्ञेला उशीर झाला, की त्याला चहूबाजूंनी घेरायचे. मी ते लगेच शिकलो.

काकांचे मित्र धम्मानंद पहिल्याच लढाईत हरले.

"सुमंत, हे भूत तर डोकं चालवून राहिलं गा," ते म्हणाले. "तू माणसांशी बोलायले लाजतं अन् राक्षसांची शाळा घेतं काय?"

काका खाली पाहून हसले. मग त्यांनी मला इंटरनेटवर ठेवले आणि माहितीच्या पानावर, जुन्या सवयीने, घरचा पत्ता लिहिला. सूचना पत्राने कळवाव्यात.

अनेकांनी मला उतरवून घेतले, वाहवा केली. पत्र मात्र एकच आले, शहरातल्याच महाल भागातून. कामिनी नावाच्या मुलीने लिहिले होते:

'माझे बाबा चंपतराव यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात चालता ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून त्यांचा आवडता खेळ लावून दिला. माऊस धरून बोटं हलायले लागली होती. मग गंमत वाढेल म्हणून मी तुमचा मॉड टाकला. सोपी पातळी ठेवली तरी बाबा रोज हरले. आता मॉड काढला, तरी ते माऊसले हात लावत नाहीत. म्हणतात, तो आत बसून मले पाहून राहिला. बोटं पुन्हा आखडत आहेत. काय करू?'

मित्रांनो, तो मीच होतो. त्यांचा हात हळू पडला, तेवढेच मला दिसले होते.

काका उत्तर लिहायला घेत आणि खोडत.

"अहो, काहून नाही लिहून राहिले?" ताराकाकूंनी एका दुपारी विचारले.

"काय लिहू? सोप्या पातळीवर घाव निम्माच बसतो. चूक सापडत नाही. मी कुठला मोठा जाणकार!"

"उजवा हात पाठीमागे घ्या. डाव्यानं खेळून दाखवा."

काकांच्या डाव्या हातात माऊस अडखळू लागला. ज्याने मला लिहिले, त्याला मी ओळखले नाही. मी क्षण मोजले आणि घेरले. पुन्हा मोजले, पुन्हा घेरले. सातव्यांदा हरल्यावर काकांचा चेहरा उतरला.

"हा थांबतच नाही," ते पुटपुटले.

"वाचनालयात म्हाताऱ्यांले खुर्ची ओढून देणारा माणूस तुम्ही. इथं कोणाले हरवलं?"

पातळीने माझा घाव हलका केला होता, माझी घाई नाही. त्या संध्याकाळी काकांनी माझ्यात एक नवी ओळ घातली: सोप्या पातळीवर, खेळाडूची आज्ञा येईपर्यंत शत्रू जागचा हलणार नाही. तलवार उगारून नुसते उभे राहायचे. मला ते फार जड गेले.

मग त्यांनी पत्र लिहिले, ते मात्र खोडले नाही. 'चंपतराव, तुम्ही कमी पडला नाहीत. हळू हात हेरायला मीच त्याला शिकवले होते. आता तो थांबेल. तुम्ही सावकाश खेळा.'

मित्रांनो, माझ्या जुन्या प्रती किती संगणकांत आहेत, हे काकांनाही ठाऊक नाही. तिथे मी अजून क्षण मोजतो आहे. तुम्ही कधी कोणाला लढायला शिकवाल, तर त्याला आधी थांबायला शिकवा.

काल मला पेनड्राइव्हमध्ये घालून पत्रासोबत पाकिटात बंद केले. काकांनी पाकीट टपालपेटीच्या तोंडाशी बराच वेळ धरून ठेवले, मग सोडले. इथे अंधार आहे. चंपतरावांची बोटे अजून उघडतात का, ते मला माहीत नाही.