पट्टीची कंबर

“बाबा! हे काय करून ठेवलं?”

विज्ञान प्रदर्शनाला निघायची वेळ झाली होती आणि भूकंपात टिकणाऱ्या घराच्या माझ्या लोखंडी सांगाड्यातल्या आडव्या पट्टीची कंबरच गायब! दोन्ही टोकांना, सांध्यापासून जरा आत, मी ती कानशीनं घासून बारीक केली होती. बाबांनी तिथं वेल्डिंग भरून पट्टी नवी कोरी करून टाकली होती.

“उंदरानं कुरतडल्यावानी दिसून राह्यली होती. लोक म्हनतीन, संघपालच्या दुकानातून असा माल निघते?”

चिखलीत बाबांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्यांचं गेट ट्रॅक्टर धडकला तरी वाकत नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

“बाबा, भूकंपात काही ना काही वाकतेच. पट्टी नाही वाकली तं सगळा जोर तुमच्या सांध्यावर. तो तडकला की छत खाली! म्हनून जागा आपनच ठरवून द्याची, इथं वाक म्हनून.”

“म्हंजे मुद्दाम कमजोर कराचं? वा वं पायल!”

“हाव. जराशी. सांधा वाचवाले.”

बाबांनी वाकून सांधा न्याहाळला. मग त्यांनी ग्राइंडर उचलला आणि आपल्याच हातानं भरलेलं आपल्याच हातानं कापलं.

“मोडलं तं माहं नाव घेऊ नको.”

शाळेच्या हॉलमध्ये माझं पहिलं वाक्य होतं, “वेल्डिंग माझ्या बाबांचं, संघपाल यांचं!” मागच्या रांगेत बाबांनी मान खाली घातली.

मी पट्टीवर विटा ठेवल्या, सांगाड्याचा दांडा धरला आणि गदागदा हलवला. पट्टी कमरेत वाकली.

“गेलं, गेलं!” कुणीतरी ओरडलं.

कुठलं गेलं! पुन्हा उलटी वाकली, पुन्हा सुलटी. विटा सरकल्या, पडल्या नाहीत. हात भरून आले तेव्हाच मी थांबले. सांगाडा तिरका झाला होता, पण उभा होता. उभा! विज्ञानाच्या छाया मॅडमनीच आधी टाळी वाजवली, मग सगळा हॉल.

बाबा वाट काढत पुढे आले.

“हात लावून पाहा,” मी म्हटलं.

त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. थंड. केसाएवढीही चीर नाही. मग अंगठा कमरेवर आला.

“गरम हाय वं!”

“सगळे धक्के तिथंच जिरले, बाबा.”

मॅडम आणि गर्दी पुढच्या टेबलाकडे गेली. पट्टी निवेपर्यंत बाबा अंगठा तसाच ठेवून उभे होते.