तपासणीची बाटली

आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा गरोदर बायकांची तपासणी फुकट असते. "फुकट आहे म्हणून नाही हं, जवळ आहे म्हणून जातो," असं सासूबाई गल्लीतल्या बायकांना थांबवून सांगत. कुणी विचारलेलं नसतानाही सांगत. मुलाचं शिवणकामाचं दुकान, दारावर रंगवलेली पाटी, आणि अशा घरची सून सरकारी बाकावर बसते, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. पण खासगी दवाखान्याचा विषय निघाला की मुलगा मान खाली घालून मशीन चालवायला लागे, म्हणून त्याही गप्प बसत.

घरात थोरली कुणी नव्हती, तरी सुनेला सगळे धाकटी म्हणत. वजन, रक्तदाब, पोट तपासणं, सगळं ती निमूटपणे करून घेई. अडायचं ते लघवीच्या बाटलीपाशी. केंद्रातल्या संडासाला कडी नव्हती आणि बाहेर पोटं सावरत उभ्या असलेल्या बायका सारख्या "झालं का गं?" करत. त्या दिवशीही ती दोनदा आत गेली आणि दोन्ही वेळा रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. लाजेनं सगळं आटूनच जायचं तिचं.

"दे इकडे," सासूबाई वैतागल्या. "राणीसाहेबांना आता महाल बांधून द्यायचा का इथे?" त्या बाटली घेऊन आत शिरल्या आणि पिशवीआड भरलेली बाटली घेऊन आल्या. "धर. त्यात काय एवढं बघायचं असतं?"

बघायचं असतं ते नर्सनं बघितलं. तिनं पट्टी बुडवली, रंग ताडून पाहिला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लघवीत साखर आहे तुझ्या. रक्त तपासायच्या पट्ट्या संपल्यात, ते पुढच्या वेळी करू. तोवर गोड बंद."

सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"सांगायचं का त्यांना?" धाकटीनं जिन्यात हळूच विचारलं.

"काय सांगणार? सगळ्यांसमोर शोभा करून घ्यायची? पुढच्या वेळी तुझी तू दे, म्हणजे मिटलं."

मिटलं असतंही. पण फाटकाशी मुलगा घ्यायला आला होता आणि नर्सनं त्यालाच गाठून सगळं सांगितलं.

त्याचा बायकोवर जीव होता, हीच पंचाईत झाली. नर्सनं गोड बंद म्हटलं होतं. यानं फोनवर वाचून आधी भात बंद केला, मग फळं, मग दूध. कापड बेतावं तसं तो तिचं ताट बेतायला लागला. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. आत डब्याचं झाकण वाजलं की बाहेरचं मशीन थांबायचं आणि हाक यायची, "धाकटे, काय घेतेस गं?"

"काही नाही, पुसून ठेवतेय," ती म्हणायची आणि झाकण परत लावायची.

सासूबाईंनी त्या दिवसापासून स्वतःच्या चहातली साखर सोडली. भीतीनंच सोडली. पण मुलाचा ऊर भरून आला. "आईनं सुनेसाठी साखर सोडली बघा!" असं तो माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगे. गिऱ्हाइकं वाहवा करत आणि सासूबाई कसनुसं हसून आत जात. एकदा त्यांनी आपल्या ताटातला भात सुनेकडे सरकवला, तर मुलानं हात धरला. "आई, माया जरा आवर. तिच्या भल्याचंच आहे." त्यांनी ताट मागे ओढलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते रोज ओठांवर यायचं आणि त्या ते रोज गिळायच्या. आणि धाकटी? नवऱ्याला सांगायचं ते असं, की तुझ्या आईची लघवी मी माझी म्हणून दिली. त्यापेक्षा उपाशी राहणं तिला सोपं वाटलं. लाज माणसाला किती मूर्ख करते, त्याला काही सुमार नाही.

पुढच्या तपासणीला मुलगा दुकान बंद ठेवून सोबत आला. धाकटी काट्यावर उभी राहिली आणि नर्सनं काटा दोनदा पाहिला. डॉक्टरबाईंनी पोटावर टेप लावली. मग बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं.

"साखर व्यवस्थित आहे. पण वजन घटलंय, आणि बाळही वाढायला हवं तसं वाढलेलं नाही." त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "उपाशी ठेवता की काय हिला?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. सुनेला छळणारी सासू बघायला कुणाला आवडत नाही!

"डॉक्टर, आईला नका बोलू," मुलगा कळवळून म्हणाला. "आईनं तर हिच्यासाठी स्वतःची साखर सोडलीय."

धाकटीला ते सहन झालं नाही. "ती बाटली माझी नव्हती," ती म्हणाली.

"मग कुणाची होती?"

धाकटी जमिनीकडे बघत राहिली. शेवटी सासूबाईंनी स्वतःचं बोट डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. "माझी," त्या म्हणाल्या. "हिला लाज वाटत होती, म्हणून मी दिली. नंतर मला वाटली."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग ते हसू शेवटच्या बाकापर्यंत गेलं. एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या सासूबाई मान वर करेनात. डॉक्टरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी सुई टोचली, यंत्रावरचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला उद्यापासून औषध लागणार." मग धाकटीकडे वळल्या. "आणि तुला जेवण. पोटभर. बाळाचं काय ते पंधरा दिवसांनी परत बघू. आत्ताच नक्की सांगता येत नाही."

तिघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मुलगा दोघींपासून अंतर ठेवून टोकाला बसला. शेजारी मघाशी हसलेल्यांपैकीच एक बाई डबा उघडून बसली होती. तिनं धाकटीकडे बघितलं आणि काही न बोलता डबा तिच्यापुढे केला.

धाकटीनं नको म्हटलं नाही. नवऱ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हातांनी डबा धरून ती खायला लागली, घाईघाईनं, नीट न चावता, खाली सांडलेलं परत उचलून. डबा रिकामा झाल्यावर ती बोटानं कडा पुसत राहिली.

तो ते बघत होता. सगळी रांगही बघत होती. आपल्या घरात ही इतकी उपाशी होती, हे त्याला असं चारचौघांत कळलं, आणि मान कुठे वळवावी तेच त्याला समजेना.