साडूची कॅडिलॅक

छप्पन सालच्या त्या रविवारी माझा साडू फ्लॉइड नवी कोरी कॅडिलॅक घेऊन दारात आला आणि अमेरिकेतल्या टोलेडोतली आमची अख्खी गल्ली बाहेर आली. मागे माशासारखे पंख, चकचकीत क्रोम, बटण दाबलं की काच आपोआप खाली. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"चर्चला माझ्याच गाडीतून चला," फ्लॉइड म्हणाला. "तुझ्या डबड्याला जरा विश्रांती दे."

मी पुढे बसलो, बायको मागे. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. पंपवाला नळी घेऊन गाडीभोवती दोनदा फिरला, पण टाकीचं तोंड काही सापडेना. फ्लॉइड उतरला, त्यालाही सापडेना. मागे रांग लागली. मी गालातल्या गालात हसत बसलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पण शेवटी राहवलं नाही. उतरलो आणि मागच्या डाव्या दिव्याखालचं बटण दाबलं. दिवा वर उचलला गेला, आत टाकीचं झाकण.

फ्लॉइड बघतच राहिला. "तुला रे कसं माहीत?"

तेवढ्यात मागची काच सरसर खाली आली आणि माझी बायको बर्निस म्हणाली,

"माहीत नसायला काय झालं? सहा महिने या गाडीचं माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपतोय हा."