न पुसलेला कोयता

मित्रांनो, जरा लांब बसूनच ऐका. मी कोयता आहे. जुना झालो, गंजलो, गळ्यात पोलिसांची चिठ्ठी लटकते आहे, तरी धारेवरून बोट फिरवलंत तर रक्त येईल. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यासाठीच.

माझा जन्मच मारातला. इंदापूरच्या रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. तिथं एका भंगारातल्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल केला, घिसाड्यानं सांडशीत धरला आणि त्याच्या बायकोनं डोक्यावरून घण आणून मला बडव बडव बडवलं. मग लालबुंद अंगानं थेट पाण्यात. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, पण माणसांना नुसतं 'चर्र' ऐकू आलं. दगडावर घासून धार काढली, बाभळीची मूठ ठोकली आणि मी तयार झालो. ज्याला एवढं मारून घडवलंय, तो मऊ कसा निघेल?

मला विकत घेतलं झुंबरनं. लोणी देवकरच्या अलीकडं त्याची वस्ती. वस्तीत पत्र्याचं छोटं चर्च, आणि पंचवीस घरांची ख्रिस्ती मंडळी. झुंबर एकटा होता, बायको वारलेली. राग मात्र दोघांचा होता त्याच्यात. रागाच्या भरात एकदा त्यानं स्वतःच्या मोटरसायकलचा आरसा बुक्कीनं फोडला होता, आणि मग हाताला फडकं बांधून चर्चला जाऊन रडला होता. वाईट नव्हता. पण त्याचा राग आधी यायचा आणि प्रार्थना मागून.

आमच्या मंडळीची एक रीत सांगतो. कापणीच्या सणाला सगळे आपापली हत्यारं प्रभूच्या टेबलापुढं आणून ठेवतात. बायकांची खुरपी, कंपनीत जाणाऱ्या पोरांचे पाने, शिंप्याची कात्री, ऊसतोड्यांचे कोयते. पाळकसाहेब एकेकावर हात ठेवून प्रार्थना करतात. रमाकांत त्यांचं नाव. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ह्या लोखंडानं कुणाचं वाईट न होवो. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी ताठ झालो. मला वाटलं, आता माझ्यासारखा पवित्र कोयता तालुक्यात नाही.

त्या दिवशी ढोलकी होती भीमाकडं. भीमा झुंबरचा शेजारी, त्याच्याच टोळीतला ऊसतोड्या, थट्टेखोर माणूस. तो ढोलकीवर बसला की म्हातारीकोतारीसुद्धा जागच्या जागी डोलायची. त्याची बायको कुशाबाई. ती बोलायची कमी, बघायची जास्त.

हंगाम लागला की टोळी सोमेश्वरनगरच्या कारखान्याच्या तळावर जायची. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकट्याला अर्धा कोयता. भीमा आणि कुशाबाई पूर्ण कोयता होते, झुंबर अर्धा. त्याला स्वतःच तोडावं लागायचं, स्वतःच बांधावं लागायचं. मी दिवसभर उसाच्या बुडख्यावर घाव घालायचो. पानांनी झुंबरचे हात चिरायचे, तोंडावर रेघोट्या उठायच्या. एकदा उसात घोणस निघाली, तिचे मी दोन तुकडे केले. एकदा घसरून झुंबरच्याच नडगीत घुसलो, हाड दिसलं. तेव्हा त्यानं जखमेत तंबाखू दाबली, फडकं बांधलं आणि परत तोडायला लागला. रोज संध्याकाळी मात्र तो मला पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायचा. त्यामुळं मी लखलखीत होतो.

मग तो दिवस आला. पाती, म्हणजे ज्यानं त्यानं तोडायचे उसाचे पट्टे, वाटून घेतल्या तेव्हा झुंबरच्या वाट्याला लोळलेला ऊस आला. वाऱ्यानं आडवा पडून एकमेकांत गुंतलेला, तोडणाऱ्याचा जीव खाणारा. भीमाला शेजारची उभी पात मिळाली. भीमा सगळ्यांसमोर म्हणाला, लोळलेल्या उसावर प्रार्थना कर, उभा राहतो का बघू. टोळी हसली. झुंबर हसला नाही. तीन तास तो माझ्याशी, उसाशी आणि स्वतःशी भांडत तोडत राहिला. त्याची मूठ एवढी घट्ट झाली होती की बाभळीचं लाकूड कुरकुरत होतं.

भीमाची पात लवकर उरकली. तो न बोलता झुंबरच्या पातीत आला आणि गुंतलेला ऊस सोडवायला उजवा हात आत घातला. मदतीला आला होता हो. पण झुंबरला वाटलं, आता हा हातानं थट्टा करतोय. मी वर गेलो आणि खाली आलो. उसाचं बुडखं आणि माणसाचं बोट ह्यातला फरक मला कळतो, मित्रांनो. ऊस कचकन तुटतो. बोट आधी थोडं दबतं.

तीन बोटं पाचटात पडली. भीमा ओरडला नाही, हाताकडं बघतच राहिला, आणि रक्ताची चिळकांडी झुंबरच्या तोंडावर उडाली. झुंबरनं मला फेकलं आणि बांधावर जाऊन ओकला. कुशाबाई धावली. तिनं पदर फाडून हात आवळून बांधला, मग गुडघ्यावर बसून पाचटात बोटं शोधायला लागली. दोन सापडली, त्यांनाही मुंग्या लागल्या होत्या. तिसरं सापडलंच नाही. मी मात्र तिला सापडलो. फाटक्या पदराच्या उरलेल्या तुकड्यात तिनं मला तसाच, ओल्या रक्तानिशी गुंडाळला.

बारामतीच्या दवाखान्यात भीमानं सांगितलं, तोडताना माझाच कोयता माझ्या हाताला लागला. उजव्या हातातला कोयता उजव्याच हाताला कसा लागला, हे कुणी विचारलं नाही. वस्तीतही नाही, टोळीतही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळकसाहेब घरी येऊन कुशाबाईला समजावून गेले. आपण पंचवीस घरं, बाहेर बोभाटा झाला तर नाव प्रभूचं जाईल, भीमानं क्षमा केली, तुम्हीही करा. कुशाबाईनं त्यांना चहा दिला आणि पेटीला कुलूप लावलं. पेटीत मी होतो.

दोन वर्षं मी अंधारात पडून होतो. कापड रक्तानं माझ्या अंगाला चिकटलं आणि त्याच्याखाली मला गंज चढायला लागला. बाहेरचं सगळं ऐकू यायचं. भीमा घरात ढोलकी वाजवून बघायचा. डाव्या हाताची थाप पडायची, उजव्याची पडायची नाही, आणि मग तो ढोलकी ठेवून द्यायचा. आता फडात तोडायची कुशाबाई आणि मोळी बांधायचा भीमा, दोन बोटांनी. मुकादम त्यांना अर्धा कोयता धरायचा.

तिच्या जिवाला खरी आग लागली ती एका रविवारी. चर्चमध्ये साक्ष द्यायच्या, म्हणजे देवाचे उपकार सांगायच्या वेळी झुंबर उभा राहिला आणि म्हणाला, देवानं भीमाभाऊला मोठ्या अपघातातून वाचवलं, त्याची स्तुती असो. मंडळी आमेन म्हणाली. कुशाबाई उठून बाहेर आली. त्या दिवसापासून तिनं प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या नावानं वाटतात ती, भाकर तोंडाला लावली नाही. मन साफ नसताना ती घेऊ नये, एवढं तिला कळत होतं. ज्यांना कळायला हवं होतं, ते मात्र दर महिन्याला घेत होते.

आणि मग कापणीच्या सणाच्या आधी बातमी आली, की झुंबर आता मंडळीचा पंच होणार. म्हणजे प्रभुभोजनाचं ताट हातात घेऊन तो सगळ्यांपुढून फिरणार. भीमापुढूनही. ती भाकर भीमा दोन बोटांनी उचलणार.

शनिवारी दुपारी फडावर कुशाबाईनं सोबत आणलेली पेटी उघडली. कापड तिनं थोडंसंच सोडवलं, धारेपुरतं. टोळी जेवून सावलीला आडवी झाली होती. झुंबर ट्रॉलीखाली उताणा झोपला होता, तोंडावर टोपी. तिनं मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. त्याच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोन वर्षांनी मी कुणाच्या तरी कामाला येणार होतो.

घाव बसला तो त्याच्या कानाला चाटून, चाकाखाली लावलेल्या लाकडी अडणीत. तिचं मनगट वळलं की मीच घसरलो, देवाला ठाऊक. मी लाकडात रुतून थरथरत राहिलो. झुंबरच्या कानावरून रक्त ओघळलं. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, कापडही ओळखलं. उठला नाही.

"वयनी," तो म्हणाला, "मानंवर घाला. सुटू द्या मला."

कुशाबाईनं पाय लावून मला लाकडातून उपसलं. तिला धाप लागली होती.

"मरून सुटशील व्हय? मरायचं सोपं हाय. उद्या तोंड उघड."

"तुरुंगात जावं लागंल."

"मग जा की."

दुसऱ्या दिवशी सण, म्हणून टोळी रात्रीच वस्तीवर परतली होती. चर्चच्या दाराला उसाची नवी कांडी बांधली होती, आत खुरपी, पाने, कात्र्या मांडल्या होत्या. कुशाबाई मधल्या वाटेनं चालत आली आणि तिनं मला सगळ्यांच्या वर ठेवलं. चिकटलेल्या कापडासकट. काळं पडलेलं रक्त पांढऱ्या चादरीवर ढळढळीत दिसत होतं. पाळकसाहेबांचा हात प्रार्थनेला पुढं आला आणि माझ्यावर येऊन हवेतच थांबला.

"ह्याच्यावर हात ठेवायच्या आधी, ह्यानं काय केलं ते ईचारा," कुशाबाई म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागी बसली.

पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. शेवटच्या रांगेत झुंबर बसला होता, कानाला पट्टी. सगळ्यांनी मान खाली घातली होती, जणू चटईवर काही सांडलंय. मला वाटलं, आता हे गाणं सुरू करतील. गाणं सुरू केलं की सगळं झाकतं, हे मी दोन वर्षं ऐकलं होतं. पण गाणं सुरू झालं नाही, कारण ढोलकी भीमापुढं होती आणि भीमा हात लावत नव्हता.

झुंबर उभा राहिला.

"ह्यो कोयता माझा हाय," तो म्हणाला. "भीमाभाऊची बोटं म्या तोडली. रागानं तोडली. त्यो मला मदत कराया आला व्हता."

भीमा म्हणाला, झुंबर, बस खाली, झालं ते झालं. झुंबर बसला नाही. तो म्हणाला, मला पंच करू नका, मला पोलिसात घेऊन चला. तेव्हा पाळकसाहेब टेबलाला धरून हळू आवाजात बोलले की मलाही ठाऊक होतं. मी प्रभूचं नाव राखायला गेलो आणि ह्या बाईला एकटं टाकलं. त्यांनी त्या दिवशी प्रभुभोजन वाढलं नाही. म्हणाले, मीच त्याला लायक नाही.

सोमवारी पाळकसाहेब, भीमा आणि झुंबर मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. खोटं सांगितल्याबद्दल भीमानंही बोलणी खाल्ली. माझा पंचनामा झाला, गळ्यात चिठ्ठी आली, आणि मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडलो. इथं माझे पुष्कळ भाऊबंद आहेत. काही तर ऊस न बघताच इथं आलेत, पोरांनी रस्त्यात नाचवलेले. रात्रंदिवस फुशारक्या मारतात. मी गप्प असतो.

परवा मला बारामतीच्या कोर्टात नेलं होतं. झुंबर जामिनावर सुटलेला आहे. तारीख पुढं ढकलली गेली आणि मला घेऊन आलेला हवालदार व्हरांड्यात बाकावर टेकला. समोरच भिंतीला पाठ लावून भीमा आणि कुशाबाई बसले होते, आणि चार हातांवर झुंबर. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की हा हंगामभर झुंबर कुशाबाईची पात तोडतो. तो तोडतो, ती मोळी बांधते. मुकादम आता त्यांना पूर्ण कोयता धरतो. कुशाबाई कुरकुरत होती की हा बुडखं उंच सोडतो, ह्याला अजून खाली वाकून तोडता येत नाही.

मग तिनं फडकं सोडलं. भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा. तिनं एक तुकडा भीमाला दिला, एक स्वतःला ठेवला. मग उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं हात लांब केला.

"माफ केलं म्हणून न्हाय देत," ती म्हणाली. "अजून व्हईना माझ्याच्यानं. पर भूक लागली आसंल. खा."

झुंबरनं दोन्ही हातांची ओंजळ करून तो तुकडा घेतला, चर्चमध्ये घेतात तसा. आणि इतका काळ प्रभूची भाकर नाकारणाऱ्या त्या बाईनं, आधी त्याला खाऊ दिलं आणि मग आपला घास तोंडात घातला.

मित्रांनो, मी काही उपदेशक नाही. मी ज्यांच्या ज्यांच्या अंगाला लागलो, त्यांचं रक्तच काढलं. पण लोखंडाची एक गोष्ट मला अनुभवानं कळली आहे, ती तुम्हाला सांगतो. घाव घातल्यानं कोयता खराब होत नाही. ओला असताना न पुसता, चांगल्या कापडात गुंडाळून ठेवला, की होतो. तुमच्या घरी कोयता असो, विळी असो, नाहीतर कुणाशी झालेलं भांडण असो, काम झालं की लगेच उजेडात आणा, पाणी घाला आणि पुसा. मला कुणी पुसलं नाही. आता पुसलं तरी हे डाग जायचे नाहीत.